तपकिरी मादीचं आडनाव

ताई उडी मारणाऱ्या कोळ्यांवर संशोधन करते. तांदळाच्या दाण्याएवढा जीव, आठ डोळे, आणि जाळंबिळं न विणता भक्ष्यावर थेट झेप. एकदा तिला एक तपकिरी मादी सापडली, जी आजवरच्या कुठल्याच जातीत बसेना. नवी जात ठरली आणि ताईने तिला आईचं माहेरचं आडनाव दिलं. आईला भाऊ नव्हता. ते आडनाव लावणारं आता कुणीच उरलं नव्हतं.

"जन्मभर झाडूने बडवले ते कोळी, आणि त्यांनाच माझ्या बापाचं आडनाव?" आई फणकारली. पण आठवडाभरात त्या मादीचा फोटो बैठकीच्या भिंतीवर लागला आणि झाडू कोपरे टाळू लागला. पाहुण्याला चहाआधी कोळी बघावा लागे.

दोन वर्षांनी ताईने प्रयोगशाळेत तसल्याच एका मादीच्या डबीत पांढऱ्या पट्ट्यांचा काळा नर सोडला. त्याची जात तिच्या सरांनी फार पूर्वी नोंदवली होती. मादी मात्र कधी कुणाला मिळाली नव्हती. नराने पुढचे पाय उचलून नाच मांडला. मादीने त्याला खाल्लं नाही, जवळ येऊ दिलं. पुढे पिल्लं मोठी झाली, त्यांत नर निघाले काळे आणि माद्या तपकिरी. ताईने कपाळाला हात लावला. या कोळ्यांत नवराबायको एकमेकांसारखे दिसतच नाहीत, त्यामुळे या धंद्यातली माणसं एका जोडप्याच्या हमखास दोन जाती करून बसतात. मग नियमाने आधीचं नाव राहतं, नंतरचं जातं.

"झाकली मूठ सव्वा लाखाची," मी म्हणालो. "कोळी काही तक्रार करायला येत नाहीत."

"मला कळलंय ना पण," ताई म्हणाली, आणि स्वतःची चूक स्वतःच छापून मोकळी झाली. मला तिचा राग आला. खरेपणाचा एवढा सोस असलेल्या माणसाबरोबर एका घरात राहणं सोपं नसतं.

आईला सांगायचं काम तिने माझ्यावर ढकलून पाहिलं. मी हात वर केले. शेवटी तीच आईसमोर बसली.

"म्हणजे ती वेगळी नव्हतीच?" आईने विचारलं.

"नाही. त्याचीच मादी."

"मग आता तिला काय म्हणायचं?"

"त्याचंच नाव. ते आधीचं आहे."

"आणि माझं?"

"ते रद्द झालं, आई."

आईने भिंतीवरच्या फोटोकडे बघितलं.

"परत?" ती म्हणाली.

ताईने माझ्याकडे पाहिलं. मीही वडिलांचंच आडनाव लावतो.