सवतीची काच

हे बघ, आधी फक्त ऐक. मधे मधे "मग? मग?" करू नकोस, माझी गाडी सुटते. आणि हसूही नकोस. हसायला येईल ते ठिकाण मी सांगेन.

तुला माहितीये ना, मी काका-काकूंकडे राहते. आणि काकांची ती गाडी. ना धड जीप, ना धड मोटार. उंच, काळी, चकचकीत. काका तिला पूर्ण नावाने हाक मारतात, कंपनी, मॉडेल, सगळं. काकू तिला "सवत" म्हणते. "तुझे काका कुठे गेले?" "सवतीला आंघोळ घालतायत." असं. दोन वर्षं झाली गाडी घेऊन, पण काकांशिवाय कुणी स्टीअरिंगला बोटसुद्धा लावलेलं नाही. काकू एकदा म्हणाली होती, "मी शिकू का हो?" तर काका पेपरातून डोकंही वर न काढता म्हणाले, "अगं, तुला मिक्सरचं झाकण बसत नाही."

झालं. ते काकूच्या असं काही जिव्हारी लागलं की तिने तीन महिने "मैत्रिणीकडे जाऊन येते" असं सांगून ड्रायव्हिंगचा क्लास केला. लायसन्स काढलं. ते शिवणाच्या डब्यात, बटणांच्या खाली लपवलं. घरात फक्त मला माहीत.

तर शुक्रवार. काका कामासाठी परगावी गेलेले, शनिवारी येणार होते. सकाळी काकू माझ्यासमोर येऊन उभी राहिली, हातात सवतीची किल्ली. म्हणाली, "चल. पडद्याचा रॉड आणायचाय."

"रॉड रिक्षातून येईल की."

"रिक्षातून येईल गं. पण मला रिक्षातून नाही जायचं."

आणि काय चालवली म्हणून सांगू! मी देवाचं नाव घेत बसले होते, ती गाणं गुणगुणत होती. दुकानासमोर दोन गाड्यांच्या मधे एवढीशी जागा, तिने रिव्हर्स घेऊन एका झटक्यात अशी लावली की पानवाल्याने मान डोलावली. हे नीट लक्षात ठेव. चालवताना काही म्हणजे काही झालं नाही. ओरखडा नाही, हॉर्न नाही, कुणाची शिवी नाही.

घरी आलो. गाडी अंगणात लावली. रॉड काढायला डिकी उघडली, तर रॉड पुढच्या सीटमधे अडकलेला. तो सोडवायला मी पुढच्या दारातून आत वाकले आणि रॉड जरा मागे ढकलला. काकूला वाटलं, मी रॉड पुढूनच काढला. तिने बाजूला उभं राहूनच किल्लीवरचं डिकीचं बटण दाबलं. सवतीची डिकी आपोआप मिटते ना, टूं-टूं करत, एखाद्या बाईसाहेबांनी डोळे मिटावेत तशी. काकू कौतुकाने म्हणतेय, "बघ तरी, किती शहाणी आहे..."

फट्!

खळ्ळकन वगैरे नाही हं. फट्. फुगा फुटल्यासारखं. अख्ख्या काचेवर क्षणभर नुसतं जाळं दिसलं, आणि मग ती सगळी काच साखरेसारखी खाली सांडली. सीटवर, डिकीत, अंगणात, काकूच्या पर्समधे. आणि मधोमध रॉड बाहेर आलेला, जीभ दाखवल्यासारखा.

काकूने पर्समधला एक तुकडा चिमटीत धरून पाहिला. मग हळूच म्हणाली, "फुटताना गाडी उभी होती ना गं?"

"उभी होती काकू."

"हे कोण मानणार?" आणि खाली बसली, काचांच्या बाजूला. "आता जन्मभर ऐकायचं. मिक्सरचं झाकण परवडलं. सवतीला पुन्हा हात लावायला मिळणार नाही मला. कधीच नाही." रडली नाही, पण तोंड असं झालं की मलाच रडू येईल. तीन महिन्यांची मेहनत, लायसन्स, तो रिव्हर्स, सगळं त्या साखरेत गेलं.

मी म्हटलं, "उद्या येणारेत ना काका? आज काच बसवू. कोण बघतंय?"

काचवाला शोधला. फोनवर त्याने मलाच शंभर प्रश्न विचारले. मागची म्हणजे मागच्या दाराची की डिकीची? तारा होत्या का? वायपर आहे का? काळी की साधी? मी प्रत्येक गोष्टीला "होती, पण आता नाही" असं सांगत होते. बारा वाजता तो व्हॅन घेऊन हजर. जाडजूड माणूस, कानामागे पेन्सिल, आणि बोलणं असं की गाडी म्हणजे पेशंट आणि तो सर्जन. आधी अख्खा तासभर व्हॅक्यूम मारला. मग पातळ पात्याने कडेचा जुना गोंद तासायला लागला. काकू चहा करायला आत गेली. मी बाहेर, सर्जनच्या शेजारी नर्ससारखी.

आता ऐक हं. हा माणूस एकदम थांबला. बोटाने कड चाचपली. भुवया वर. म्हणाला, "ही काच आधी कधी बदललीय?"

"छे. नवीन गाडी आहे."

"नवीन असेल. काच नवीन नव्हती." आणि मला जवळ बोलावून दाखवलं. "हा खालचा थर बघा. हा कंपनीचा. सरळ, यंत्राने मारलेला. आणि त्याच्यावर हा दुसरा. वाकडातिकडा. हा माणसाच्या हाताचा. आणि हातही काही बरा नाही. माझा असता तर मी ओळखला असता."

माझ्या डोक्यात एकदम लख्ख! मागच्या वर्षी काका गाडी "सर्व्हिसिंगला" घेऊन गेले होते, आणि आल्यावर दोन दिवस आम्हाला डिकी उघडू दिली नव्हती. काय म्हणाले होते माहितीये? "एवढ्या भारी गाडीच्या डिकीला मधून मधून विश्रांती लागते." आणि आम्ही दोघी बावळट, विश्वास ठेवला!

हस. हसायचं ठिकाण हेच.

म्हणजे बघ, आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून! मी काकूला सांगायला धावणारच होते, पण ती चहा घेऊन बाहेर आली, तिचं तोंड पाहिलं आणि म्हटलं, जरा थांबू. हा असा पत्ता आहे की पहिल्या डावात टाकायचा नाही.

काच बसली. रबराचे मोठे मोठे पंजे लावून त्याने आणि त्याच्या जोडीदाराने ती अशी अलगद ठेवली की श्वास रोखून धरला होता मी. मग वर निळी चिकटपट्टी मारली, आणि जाताना बजावून गेला. "उद्या दुपारपर्यंत पट्टी काढायची नाही. एक खिडकी बोटभर उघडी ठेवायची. आणि दार आपटायचं नाही. गोंद ओला आहे. दार आपटलं की आतली हवा काचेला ढकलते. काच आपली जागा सोडते."

काकू आणि मी एकमेकींकडे पाहिलं. दार आपटायचं नाही! आमच्या घरात! अगं, काका दार लावत नाहीत, दाराला शिक्षा करतात. फ्रीजचंसुद्धा.

"उद्या संध्याकाळी येतील," काकू म्हणाली. "तोवर वाळेल." गाडीवर कव्हर घातलं, मी पर्समधली साखर वेचत बसले.

चार वाजता रस्त्यावर धाडकन आवाज झाला. पाठोपाठ टॅक्सीवाल्याचा आवाज, "अहो साहेब, दार आहे ते, दुश्मन नाही!"

काकूच्या हातातली उशी गळून पडली. "आले."

एक दिवस आधी! काम लवकर आटपलं म्हणे. आणि माणसं घरी आली की काय करतात? आत येतात, पाणी पितात. काकांनी बॅग पायरीवर ठेवली आणि सरळ सवतीकडे! काकू आत थिजलेली, मी अनवाणी बाहेर पळाले. तोवर कव्हर ओढून झालं होतं आणि ड्रायव्हरचं दार उघडून काका आत डोकावत होते.

मी डोळे मिटून घेतले. आता धाडकन होणार, काच उडणार, काकू संपणार.

काहीच आवाज नाही.

डोळे उघडले. काका मागे जाऊन निळ्या पट्टीकडे बघत उभे होते. किती तरी वेळ. मग परत पुढे आले, दाराला दोन बोटं लावली, आणि गं, झोपलेल्या बाळाची खोली बंद करावी तसं दार लावलं. टिक्. मग पलीकडे जाऊन बघितलं, खिडकी बोटभर उघडी आहे ना. होती. मान हलवली.

त्यांना सगळं माहीत होतं! पट्टी म्हणजे काय, खिडकी का उघडी, दार का आपटायचं नाही, सगळे नियम तोंडपाठ! आणि मग त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे बघितलं, आणि त्यांना कळलं की मला कळलंय.

"कुणी?" काका म्हणाले. एकदम हळू.

मी स्वयंपाकघराच्या खिडकीकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर मेलेच असते. म्हटलं, "मी."

"तू? तुला स्कूटर स्टँडवर लावता येत नाही."

"गाडी उभी होती, काका. पडद्याचा रॉड आत होता. डिकीचं बटण दाबलं." हे खरंच होतं ना! फक्त बटण कुणी दाबलं तेवढं गाळलं.

"रॉड," काका म्हणाले. आणि खरं सांगते, त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. सोबत मिळाल्यासारखं काहीतरी होतं. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "तुमच्या वेळी काय होतं?"

काकांनी घराकडे पाहिलं. रस्त्याकडे पाहिलं. मिशीवरून हात फिरवला.

"शिडी," म्हणाले.

मला इतकं हसू आलं, इतकं आलं, की मी कव्हरमधे तोंड खुपसलं. काका कुजबुजत होते, "हसतेस काय! हळू! काकूला माहितीये?"

"कशाचं? रॉडचं की शिडीचं?"

"दोन्हीचं."

"रॉडचं माहितीये. शिडीचं नाही."

"नको कळायला," काका घाईने म्हणाले. "बाई, तुझ्या पाया पडतो. ती मला जगू देणार नाही. पोटात ठेव. तुझ्या रॉडबद्दल मी चकार शब्द काढणार नाही. बस?"

"बस नाही," मी म्हटलं. कुठून आलं एवढं धाडस कोण जाणे. "रविवारी काकूला गाडी शिकवायची. तुम्ही स्वतः. स्वतःहून."

"तिला? अगं, तिला मिक्सरचं..."

"शिडी," मी म्हटलं. फक्त एवढंच. आत जाऊन काकूला सांगितलं, काच माझ्यामुळे फुटली असं म्हटलंय, काका रागावले नाहीत.

तर रविवारी सकाळी काका चहा पिता पिता, पेपर बाजूला ठेवून म्हणाले, "चल गं, तुला गाडी शिकवतो." काकूच्या हातातला कप बशीवर वाजला.

गावाबाहेरच्या मोकळ्या मैदानावर गेलो. मी मागे बसले, नव्या काचेकडे पाठ करून. आणि काकूने काय नाटक केलं! "अहो, हे गोल गोल काय आहे?" "स्टीअरिंग." "क्लच कुठाय हो?" "या गाडीला क्लच नसतो, वेडे." काका छाती फुगवून एकेक गोष्ट सांगतायत, काकू पदराआड... म्हणजे ओढणीआड हसतेय. दहा मिनिटं लडखडत चालवायचं सोंग केलं, मग तिला काही राहवेना. दोन पिंपं ठेवलेली होती, त्यांच्या मधे रिव्हर्स घेऊन एका झटक्यात गाडी घातली. मिलिमीटरचा हिशेब.

काकांनी खिडकीतून वाकून दोन्ही पिंपं पाहिली. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बघितलंस? शिकवणारा चांगला असला की असं होतं."

मला वाटलं आता काकू त्यांना तिथेच उतरवते. पण ती नुसती म्हणाली, "हो हो. सगळं तुमच्यामुळे." येताना अख्ख्या रस्त्यावर तिनेच चालवली, आणि लायसन्सचं विचारायचं काकांना सुचलंसुद्धा नाही!

आता खरी गोची ऐक. संध्याकाळी मी आणि काकू भांडी पुसत होतो. मी म्हटलं, "काकू, तुला राग नाही आला? श्रेय लाटलं की त्यांनी." तर ती ताटली हातात धरून उभीच राहिली. म्हणाली, "घेऊ दे गं. पण कुणी न सांगता स्वतःहून म्हणाले, चल, तुला शिकवतो. वीस वर्षांत पहिल्यांदा त्यांना वाटलं की मला जमेल." आणि डोळे पुसले. ताटलीच्याच फडक्याने.

कुणी न सांगता! स्वतःहून!

तेव्हापासून तीन दिवस झाले, काकूसमोर एकटी सापडायचं टाळतेय मी. सांगावं, तर तिच्या हाती असलं हत्यार येईल की मिक्सरच्या झाकणाचं नाव काका पुन्हा काढणार नाहीत, पण तिचं ते "स्वतःहून" जाईल. न सांगावं, तर ती त्या माणसाला थोर समजत बसणार, आणि तो रोज सकाळी पेपराआडून मला डोळा मारणार. आज सकाळी तर तिने मला धरलंच, "खरं सांग, शुक्रवारी अंगणात काय कुजबुजत होतात दोघं?" मी म्हटलं, "बस चुकेल," आणि पळत सुटले ते थेट तुझ्याकडे.

संध्याकाळी घरी जायचंय मला. दारातच उभी असेल ती. बोल ना आता, गप्प काय बसलीस? तू काय केलं असतंस?