आपण होऊन येईल ती

लोहारकाकांनी त्या सकाळी दाण्यांचं घमेलं अंगणात असं आपटलं, की माझी शिवण वाकडी गेली. मी त्यांच्या शेजारीच राहते, कपडे शिवते. मधे कमरेइतकी भिंत आहे, मान वळवली की त्यांचं अख्खं अंगण दिसतं. कोंबड्या लाकडांच्या ढिगावर जाऊन बसल्या होत्या आणि काका खाली उभे राहून त्यांचा उद्धार करत होते.

"खायला घालतोय, मारत नाहीये. एवढं कळत नाही टाळक्यात?"

ओट्यावर बसलेल्या काकू म्हणाल्या, "त्या आवाजाला नवी नवरी असताना मीसुद्धा घाबरायचे. त्या तर कालच्या आलेल्या."

"कालच्या कसल्या? महिना झाला. महिनाभर नुसतं फुकट खाताहेत."

"महिना म्हणजे काय मोठं? माझं मन वळवायला तुम्हाला वर्ष लागलं."

काका सांडलेले दाणे गोळा करत बसले.

काचबिंदूनं काकूंची नजर गेली, त्याला बरीच वर्षं झाली. तरी जुन्या कोंबड्या होत्या तोवर बाई हिंडती-फिरती होती. कोण कुठे आहे, कोण कुणाला टोचतंय, सगळं आवाजावरून सांगायची. दुपारी एखादी कोंबडी तिच्या मांडीत येऊन डुलक्या काढायची. मग मुंगूस खुराड्यात शिरलं, आणि सकाळी नुसती पिसं उरली. त्यानंतर काकूंनी अंगणात यायचंच सोडलं. भिंतीकडे तोंड करून पडून राहायच्या. जेवण अर्धं टाकायच्या. काकांना ते बघवेना. गावाबाहेर कोंबड्यांचं मोठं शेड होतं, ते बंद पडत होतं. तिथून त्यांनी या पांढऱ्या कोंबड्या पोत्यात घालून आणल्या. त्यांचा आवाज ऐकून काकू निदान ओट्यापर्यंत यायला लागल्या. पण जन्मभर जाळीत कोंडलेला जीव तो. माणूस दिसला की वाट फुटेल तिकडे पळायचा, भिंतीवर आदळायचा. डोळे नसलेल्या बाईनं त्यांना शोधायचं कुठे?

"उभे राहू नका," काकू ओट्यावरून शिकवायच्या. "वरून हात आला की त्यांना घार वाटते. खाली बसा. दाणे टाका आणि रोखून बघू नका. दुसरीकडे बघा."

"गुडघे वाकत नाहीत माझे."

"मग पाट घ्या."

काका पाटावर बसले. रोज सकाळी आणि ऊन उतरल्यावर, हातात ज्वारी घेऊन, तोंड भलतीकडे करून. सगळं आयुष्य घणाखाली गेलेलं, त्यामुळे कान अधू. स्वतःचा आवाज किती मोठा आहे हेच त्यांना कळत नसे. हळू बोलतोय असं वाटून "ती ती ती" म्हणायचे आणि कोंबड्या पुन्हा ढिगावर. फाळ लावून घ्यायला आलेली माणसं फाटकाशी उभी राहून हसायची.

"काय मिस्त्री, नाकदुऱ्या काढताय का कोंबड्यांच्या?"

काकांच्या अंगाची लाही व्हायची. पण ते उठायचे नाहीत, कारण उठलं की कोंबड्या पळायच्या.

हळूहळू त्या पाटाच्या जवळ आल्या. मानेवर पिसं नसलेली एक तर त्यांच्या चपलेपर्यंत आली. आणि तिथेच काकांचा धीर सुटला. त्यांनी झडप घालून तिला धरली, ओट्याकडे नेली आणि काकूंच्या मांडीत ठेवली.

कोंबडी अशी किंचाळली, की मी मशीन सोडून भिंतीशी धावले. पंख फडफडले, नखं लागली, काकूंच्या मनगटावर रक्त आलं. सगळ्या कोंबड्या अंगणभर सैरावैरा झाल्या.

"विकून टाकतो," काका ओरडले. "नाहीतर कापून टाकतो सगळ्या. मी एवढा राबतोय कुणासाठी?"

काकूंनी पदरानं मनगट पुसलं. "माझ्यासाठीच राबताय, ते कळतंय मला. पण धरून आणलेली नको. आपण होऊन येईल, तीच माझी. नाही आली तर राहू दे तशीच."

काका भट्टीकडे निघून गेले. दुपारभर नुसताच घण ऐकू येत होता. ऊन उतरलं तेव्हा पाहिलं, तर पाट पुन्हा अंगणात होता, पहिल्याहून लांब. झालेलं सगळं पाण्यात गेलं होतं.

या वेळी ते बोललेच नाहीत. कितीतरी दिवस नुसते बसले. शेवटी त्या बोडक्या मानेच्या कोंबडीनं त्यांच्या तळहातावरचे दाणे खाल्ले. काका श्वास रोखून, ठरल्याप्रमाणे, दुसरीकडे बघत राहिले.

पण काकूंनी हात पुढे केला की ती मागे सरायची. असं रोज व्हायला लागलं.

"झाल्या की तुमच्या," काकू म्हणाल्या. त्यांनी हसायचा प्रयत्न केला, तो काही जमला नाही.

काकांचा चेहरा पडला. दुसऱ्या दिवशी त्यांनी काकूंना हात धरून अंगणात आणलं आणि आपल्या पाटाला लागून बसवलं. स्वतःचा तळहात जमिनीला टेकवला, त्यावर काकूंचा हात ठेवला आणि वर दाणे ओतले.

कोंबडी आली, थबकली, परत फिरली. काकूंचा हात भरून आला, तरी त्यांनी हलवला नाही. ती पुन्हा आली, आणि मान पुढे करून टोचायला लागली.

काकू एकदम म्हणाल्या, "अहो, हिची चोच अर्धी कापलेली आहे."

"काय?"

"वरची चोच. बोथट लागतेय. दाणा सुटतोय तिच्या तोंडातून."

भट्टीनं भाजून घट्टे पडलेल्या काकांच्या हाताला ते कधी कळलंच नव्हतं, आणि रोखून तर त्यांनी कधी बघितलं नव्हतं. आता त्यांनी मान वळवून नीट पाहिलं. मग बाकीच्यांकडे पाहिलं.

"सगळ्यांची," ते म्हणाले. त्यांचा इतका हलका आवाज मी कधी ऐकला नव्हता.

"शेडमध्ये माणसांनीच धरून कापली असणार," काकू म्हणाल्या. "मी असते तर आलेच नसते."

कोंबडी अजून तोच एक दाणा उचलायचा प्रयत्न करत होती.

"उद्या ज्वारी भरडून आणतो," काका म्हणाले.

"बारीक आणा," काकू म्हणाल्या, आणि हात तसाच ठेवला.