पाठपुरावा

“मोनाली, ही ओळ कुठून आणलीस?” काम तपासणाऱ्या हितेशने तिच्या स्क्रीनवर बोट ठेवलं. “मूळ पेपरात नाय ही.”

परदेशातल्या विद्यापीठांच्या ग्रंथालयांना स्वतःचे शोधनिबंध वाचायला सवड नसते. ते निबंध बोईसरला येतात, आणि मोबाइलच्या दुकानावरच्या माळ्यावर मोनालीसारख्या पोरी त्यांचे सारांश लिहितात. आजचा निबंध मात्र शेजारच्या सरावलीचाच निघाला. रंगाच्या कारखान्यांतल्या कामगारांची फुप्फुसं, असा विषय.

त्यासाठी झालेल्या पहिल्या तपासणीला तिचे बाबाही गेले होते. मशीनच्या नळीत फुंकून आले आणि घरी हसत सुटले, “गोऱ्या बाईनं फुगा फुगवायला लावला!” पुढे खोकल्यापायी काम गेलं, खोली परवडेना, तिघं गावी, चिंचणीला परतली. तिथेच बाबा धापा टाकत गेले. शेवटी शेवटी खोकताना उशीच्या अभ्र्यावर कारखान्यातल्या रंगाचे निळे डाग पडायचे.

निबंधात एवढंच होतं: दुसऱ्या तपासणीच्या वेळी काही कामगार खोल्या सोडून गेलेले होते, ते पाठपुराव्यातून सुटले. उरलेल्यांची फुप्फुसं ठीकठाक होती, म्हणून धोका फारसा नाही. सात समुद्र ओलांडून आलेल्यांना चिंचणीची रिक्षा तेवढी सापडली नाही! मोनालीचं डोकं फिरलं. ‘त्यांपैकी एक कामगार फुप्फुसाच्या आजाराने वारला’ अशी ओळ तिने सारांशात घालून टाकली.

“माझे बाबा होते ते, सर.”

हितेशने स्क्रीनवरचं बोट काढलं. माणूस वाईट नव्हता. “खरं असंल गं. पण आपलं काम आखडायचं हाय, भर घालायची नाय. तिकडं कळलं तर सगळ्यांचंच काम जाईल.”

तिने मागे पाहिलं. बाकीच्या पोरी माना खाली घालून टाइप करत होत्या. तिने ओळ पुसली.

दुपारी तिने फोनवर आईला सांगितलं होतं, बाबांच्या तपासणीचा कागद आलाय म्हणून. संध्याकाळी आई, प्रेमला, दारातच उभी होती.

“मंग? ह्यांचं काय लिवलंय त्यात?”

“नाव नाय कुणाचं, आई. सगळ्यांचं मिळून लिवलंय.”

“तरी पन?”

मोनालीला दुसरे शब्द सुचेनात. “पाठपुराव्यातून सुटले, असं लिवलंय.”

पहिला शब्द प्रेमलाच्या डोक्यावरून गेला. “सुटलेच गं,” ती म्हणाली. “लय हाल झाले हुते त्यांचे. तिकडच्या लोकांना पन कळलं म्हनायचं.”

डोळे पुसून ती शेजारी सांगायला गेली. मोनालीने तिला अडवलं नाही.