फाटक उघडण्याचा पाढा

गोठ्यात ऐंशी गाई उभ्या होत्या आणि ऐंशीच्या ऐंशींना कळलं होतं, की आज तो दिवस आहे. ऑक्टोबरपासून छपराखाली मुरलेला चारा खाऊन त्या विटल्या होत्या. आता एप्रिल लागला होता, वाऱ्यावर ओल्या गवताचा वास येत होता आणि मध्ये होतं फक्त एक लाकडी फाटक. गाई हंबरत होत्या, एकमेकींना ढुशा देत होत्या, शेपट्या आपटत होत्या.

फाटकाच्या खालच्या फळीवर नऊ वर्षांची ईशानी चढून उभी होती. तिचंही काही वेगळं चाललं नव्हतं. शेपूट नव्हतं एवढंच.

हूकस्ट्रांच्या डच घरात फाटक असंच उघडत नसत. पहिल्यांदा उघडणाऱ्यानं आधी गाईंना घराण्याची सगळी हकीकत सांगायची, एकही नाव न चुकता. तीनदा अडखळलं, की ओपा, म्हणजे ईशानीचे डच आजोबा, स्वतः अडसर काढणार आणि त्या पोरानं पुढच्या एप्रिलची वाट बघायची. ईशानीचे बाबा, म्हणजे योस्ट, दोनदा नापास झाले होते. आणि ईशानीनं तर सगळ्या वर्गाला बोलावून ठेवलं होतं. वर्ग कुंपणापलीकडे सायकली टाकून उभा होता आणि दात काढत होता.

बारामतीहून आलेले श्यामकांत आजोबा महिनाभर हाच अभ्यास घेत होते. ते निवृत्त शिक्षक. नातीला नावं पाठ होत नाहीत म्हटल्यावर त्यांना झोप कशी येणार? अमृताकडून, म्हणजे आपल्या लेकीकडून, त्यांनी सगळी हकीकत समजून घेतली आणि तिचा चक्क पाढा केला. रोज शाळेतून आल्यावर दोघं बांधावरून चालायची. आजोबा काठीनं ताल धरायचे आणि ईशानी मराठीत म्हणायची. एरवी ती आजोबांचं मराठी सगळं समजून घ्यायची आणि उत्तर डचमध्ये द्यायची. पण पाढ्याला उत्तर नसतं, तो म्हणावाच लागतो.

आज सकाळी मात्र आजोबांना नसता उद्योग सुचला होता.

"अहो बाबा, हे काय?" अमृता ओरडली.

कळपाची म्होरकी ट्रूस रंगीत लोकरी गोंडे आणि गळ्यात घुंगरमाळ घालून सर्वांत पुढे उभी होती.

"पोळा," आजोबा म्हणाले.

"पोळा श्रावणात असतो. आणि बैलांचा!"

"श्रावणात मी इथे नसतो, आणि तुमच्याकडे बैल नाहीत. मी काय करू?"

मागची गाय तेवढ्यात ट्रूसचा एक गोंडा चघळू लागली. ओपा हार्म लाकडी बूट घालून, हात मागे बांधून बघत होते. "माझ्या गाईची नवरी केलीत," ते म्हणाले. मग ईशानीकडे वळले. "हं, कर सुरू."

ईशानीनं डचमध्ये सुरुवात केली. "इथे आधी समुद्र होता. मग पणजोबा क्लास... नाही, पणजी आल्त्ये..."

"एक," ओपांनी बोट वर केलं.

"इथे समुद्र होता. क्लास आला. त्यानं चर खणले... दोन वर्षं..."

"तीन वर्षं खणले माझ्या बापानं! दोन चुका."

कुंपणापलीकडून कुणीतरी खिदळलं. ईशानीचे कान लाल झाले. ओपांचा हात अडसराकडे सरकला. डोक्यातून समुद्र, क्लास, सगळं वाहून गेलं आणि उरला नुसता चिखल.

तेवढ्यात ट्रूसनं वैतागून मान झटकली. छुन्-छुन्, छुन्. पुन्हा झटकली. छुन्-छुन्, छुन्.

अरे, हा तर काठीचा ताल!

ईशानीनं डोळे मिटले आणि तिच्या तोंडून पाढा सुटला, खणखणीत मराठीत:

"पहिला क्लास, झोपडीत वास, तीन वर्षं खणले चर!
दुसरी आल्त्ये, साहेब आले, तपासायला तिचं घर!
उघडलं कपाट, कोंबडी आत, साहेबाच्या हाती अंडं!
हसले साहेब, जमीन दिली, गाईंची आली झुंड!
तिसरा हार्म, नांगर अडला, जमिनीत सापडलं जहाज!
त्याच्या फळीचा केला अडसर, तोच काढायचा आज!
चौथा योस्ट, गाईला यंत्राचा पट्टा, पट्टा म्हणे ती झोपली,
गाय होती शेजारच्या बागेत, कोबी खात बसली!
तक्रार ऐकायला अमृता आली, पट्टा केला नीट,
पट्ट्यासकट योस्ट नेला, आता बोला, फीट!"

वर्गाला अक्षर कळलं नव्हतं, पण पोरं ताल धरून टाळ्या वाजवत होती. ओपांच्या कपाळावर आठी होती.

"क्लास ऐकलं. आल्त्ये ऐकलं. माझं, योस्टचं नाव ऐकलं. मधलं मला काय कळणार?" ते आजोबांकडे वळले. "मास्तर, चुकली का?"

अमृतानं प्रश्न मराठीत सांगितला. आजोबांचा चेहरा गंभीर झाला. परीक्षा म्हणजे परीक्षा. नात असली म्हणून काय झालं? त्यांनी मनातल्या मनात पाढा पहिल्यापासून तपासला. ईशानीचा जीव टांगणीला लागला.

"शेवटच्या दोन ओळी मी शिकवल्या नव्हत्या," ते म्हणाले. "त्या तिच्या. बाकी एक शब्द चुकला नाही."

"काय आहे त्या ओळींत?" ओपांनी विचारलं.

"आई," ईशानी डचमध्ये म्हणाली. "तुमच्या हकीकतीत आई नव्हतीच, ओपा. माझ्यापर्यंत यायचं, तर मधे आई नको?"

ओपांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली. "माझीच चूक म्हणायची," ते पुटपुटले. "एक." आणि त्यांनी स्वतःसाठी बोट वर केलं. "बघतेस काय? काढ तो अडसर!"

जहाजाची फळी खाडकन सरकली आणि ऐंशी गाई उधळल्या! नुसत्या धावल्या नाहीत, नाचल्या. चारही पाय हवेत, शेपट्या झेंड्यासारख्या, कासा हेलकावत. जाडजूड आज्या वासरांसारख्या कोलांट्या मारायच्या बेतात. ट्रूस घुंगरं वाजवत सगळ्यांत पुढे, आणि तिच्यामागे तिचा दुसरा गोंडा वाचवायला धावत निघालेले श्यामकांत आजोबा.

"बाबा, चर आहे पुढे!" अमृता किंचाळली.

ट्रूसनं चर एका उडीत पार केला. आजोबांनी नाही.

कमरेइतक्या पाण्यात उभे राहून त्यांनी गोंडा उंच धरला आणि सगळा वर्ग हसून हसून गवतात लोळला. ओपांनी एक लाकडी बूट चिखलात घालवून त्यांना हात दिला.

"तीन वर्षं खणलाय तो," ओपा म्हणाले. "खोल आहे."

आजोबांना भाषांतराची गरज पडली नाही. ते ठिबकत बाहेर आले, चष्मा पुसला, काठी मागवली आणि ईशानीला म्हणाले, "हं, आता पाचवी ईशानी. म्हण माझ्यामागे."

"थांबा ना, आजोबा," ईशानी मराठीत म्हणाली, "आधी मला पुरतं हसू द्या!"