अदारची पाळी

"आलं का तुमचं ते?" डॉक्टरांनी आतून विचारले. त्यांचे दोन्ही हात पेशंटच्या तोंडात होते.

"नाही अजून," काउंटरबाई म्हणाली आणि तिने फोनवर ब्लॉगचे पान पुन्हा उघडले. सकाळपासूनची ही चौदावी वेळ. बाकावर गाल धरून बसलेल्या गृहस्थांना वाटले, त्यांचाच एक्स-रे यायचा आहे. त्यांनी समजूतदारपणे मान हलवली आणि आणखी थोडे सोसायला घेतले.

दातांच्या दवाखान्यात बावीस वर्षे अपॉइंटमेंट देणाऱ्या या बाईला काउंटरबाई हे नाव ब्लॉगवाल्यांनी दिले होते. नऊ वर्षांपूर्वी तिची आई गेली. घरात ज्यू पुस्तकांची दोन कपाटे उरली आणि त्यांच्याविषयी बोलायला कुणी उरले नाही. गावात ज्यूंची घरे तीन, त्यातल्या दोन घरांत कुणाला ऐकू येत नव्हते. मग दोन पेशंटांच्या मधल्या वेळात ती वाचलेल्या पुस्तकांवर ब्लॉग लिहू लागली. हळूहळू तसेच लिहिणारे भेटत गेले. कुणी कादंबऱ्यांवर लिहायचे, कुणी प्रार्थनेच्या जुन्या पोथ्यांवर, एकजण तर फक्त लहान मुलांच्या गोष्टींवर. काउंटरबाईने सगळ्यांची मोट बांधली. नियम एकच केला. दर ज्यू महिन्याच्या पहिल्या तारखेला एकाने यजमान व्हायचे, बाकीच्यांनी महिनाभरात लिहिलेले वाचायचे आणि त्या सगळ्या लेखांचे दुवे आपल्या ब्लॉगवर मांडायचे. कुणाची पाळी कधी, याचा तक्ता वर्षाच्या सुरुवातीला ती स्वतः करायची.

एकेकाळी एकतीस जण होते. आता चार उरले होते: ती, एक नर्स, एक बुकबाइंडर आणि दूरच्या शहरातले गणिताचे निवृत्त मास्तर. नर्सने तर मागेच बजावले होते, "एक महिना जरी रिकामा गेला ना, मी निघाले. जीव नसलेल्याला सलाईन लावायचं काम नोकरीत करते तेवढं पुरे."

फोनवरच्या ज्यू पंचांगात आज अदार महिना लागला होता. तक्त्यात अदारसमोर मास्तर होते. संध्याकाळपर्यंत त्यांच्या ब्लॉगवर काही आले नाही. तिने मेल केली. दुसऱ्या दिवशी आणखी एक. उत्तर नाही.

गुरुवारी दुपारी चार वाजता मास्तरांचा स्वतःचा लेख मात्र आला, दर गुरुवारी यायचा तसाच, मिनिटाचाही उशीर न करता. काउंटरबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"स्वतःचं लिहायला बरा वेळ आहे!" घरी येऊन तिने मोठ्या बहिणीसमोर फोन आदळला. "मला दोन ओळी लिहायला हात झिजतात यांचे."

"अगं, म्हातारा माणूस. आधी फोन तरी कर."

"नंबर कुठाय माझ्याकडे? नऊ वर्षांत कधी गरजच पडली नाही."

"मग एक दिवस दम धर. तुझा राग कायम नाकावर."

तिने दम धरला नाही. तिथेच बसून ब्लॉगवर लिहिले, 'ज्यांना फक्त आपलं वाचलं जावंसं वाटतं आणि दुसऱ्याचं वाचायचा कंटाळा येतो, त्यांच्यासाठी हा गट नाही. मास्तरांचं नाव मी यादीतून काढत आहे.' लिहून झाल्यावर तिला बरे वाटले. अगदी भूक लागेपर्यंत बरे वाटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी, दवाखान्यात, तिला त्याखाली उत्तर दिसले.

'मी मास्तरांची मुलगी. बाबांना जाऊन सहा आठवडे झाले. ऑपरेशनला जायच्या आधी चार दिवस बसून त्यांनी पुढचे लेख तारखा घालून लावून ठेवले होते. ते आपोआप येतात. कुणाला कळवायचं ते मला माहीत नव्हतं. तुम्ही लिहिलेलं आईने वाचलं.'

"बाई, माझा नंबर कधी?" कवळीचे माप द्यायला आलेल्या आजींनी विचारले.

"बसा," ती म्हणाली. आजी बसलेल्याच होत्या.

सहा आठवडे, दर गुरुवारी, ती त्या माणसाच्या लेखाखाली पसंतीचा अंगठा दाबत आली होती. लेख उघडायचा, वरच्या चार ओळी पाहायच्या, अंगठा दाबायचा. पुढे वाचायचे तिने कधी सोडले हे तिलाही आठवत नव्हते. तिने आपला मजकूर काढून टाकला. मुलीची तीन वेळा माफी मागितली.

नर्सचा निरोप आला. 'मी गट सोडते. राग तुमच्यावर नाही. आपल्यातला एक जण गेला आणि सहा आठवडे कुणाला पत्ता नाही, तर हा कसला गट?' बुकबाइंडरही गेला. त्याने गटाची यादी गुपचूप आपल्या ब्लॉगवरून उतरवली.

"आता तरी सोड ते," बहीण म्हणाली.

"सोडायला उरलंय काय, ताई?"

महिना सरला. एका बुधवारी सकाळी डॉक्टर यायच्या आधी ती काउंटर पुसत होती, तेव्हा फोनवर मास्तरांच्या ब्लॉगची सूचना आली. ती उभ्या उभ्याच वाचू लागली.

'यंदाचं वर्ष तेरा महिन्यांचं आहे. अदार दोन येतात. पहिला अधिक, खरा अदार हा दुसरा, म्हणून माझी पाळी आज. तक्ता करताना काउंटरबाईंच्या नजरेतून अधिक महिना सुटला. मी मुद्दाम बोललो नाही. त्यांच्या ते लक्षात येईलच, आणि यजमान नसलेला महिना त्या नेहमीप्रमाणे स्वतःच्या अंगावर घेतील, याची मला खात्री आहे. हे मी आधीच लिहून ठेवतो आहे, त्यामुळे तुमचे ताजे लेख माझ्यासमोर नाहीत. म्हणून जुने निवडले. आपल्या एकतिसांतून प्रत्येकाचा एक.'

तिने पंचांग उघडले. मागच्या महिन्याच्या नावापुढे बारीक अक्षरांत 'पहिला' असे लिहिलेले होते.

मग ती एकेक दुवा दाबत गेली. पान सापडले नाही. पान सापडले नाही. एका ठिकाणी आता गाद्यांची जाहिरात होती. एकतिसांपैकी नऊ उघडले. तिचाही एक लेख होता, आठ वर्षांपूर्वीचा, एका जाडजूड कादंबरीवर. त्याखाली तेव्हाच मास्तरांनी विचारले होते, 'शेवट तुम्हाला पटला का? मला अजून ठरवता येत नाही.' तिने उत्तर दिले नव्हते. आता तिला त्या कादंबरीचा शेवट आठवेना.

ती मास्तरांच्या पानावर परत आली. नऊ वर्षांत पहिल्यांदाच तिने तिथे खालच्या चौकटीत काही लिहिले. 'चूक माझी होती, मास्तर. तुमची पाळी आजच होती.'

बटण दाबल्यावर पडद्यावर अक्षरे उमटली. तुमचा अभिप्राय मिळाला आहे. ब्लॉगच्या मालकांनी मंजूर केल्यानंतर तो इथे दिसेल.