काकांचं लॅमिनेशन

जर्मनीतल्या नेकारसुल्मच्या आसपासच्या मराठी घरांत पद्माकर काकांना विचारल्याशिवाय कोणी गादीसुद्धा विकत घेत नसे. काका फार पूर्वी आलेले, आता जर्मन पासपोर्टवाले, आणि मंडळाचे कायमचे अध्यक्ष. कायमचे, कारण ते खुर्चीतून उठतच नसत. घर कुठलं घ्यावं, बॉसला वाढदिवसाला काय द्यावं, पोराला कुठल्या किंडरगार्टनात घालावं, सगळ्यांवर त्यांचं मत तयार असे. आणि त्यांच्याकडे एक लॅमिनेशनचं मशीन होतं.

गणपती असो, कोजागिरी असो, मंडळाच्या हॉलमध्ये जेवणाच्या टेबलाशेजारी ते मशीन तापत बसलेलं असायचं. नवी आलेली पोरं आपापले कागद घेऊन रांग लावायची. डिग्री, जन्मदाखला, लग्नाचं सर्टिफिकेट, जे हाताला लागेल ते. "जर्मनीत कागद म्हणजे देव," काका प्रत्येकाला ऐकवत. "आणि देवाला कोणी उघड्यावर ठेवतं का?" पोरं हसत. काका कडा कापून कागद परत देत, आणि पोरं तो दोन्ही हातांनी घेत. इंजिनं डिझाइन करणारी माणसं ही! त्यांतल्याच हृषिकेशची बायको, सुकन्या, हे बघून तोंड फिरवायची.

तिच्या स्वतःच्या कागदाला मात्र ती कोणाला हात लावू देत नव्हती. तिचं जुनं रेसिडन्स कार्ड संपलं होतं. कायमच्या वास्तव्याचा अर्ज केलेला, भाषेची परीक्षा पास झालेली, फक्त निर्णय यायचा होता. तोवर परदेशी नागरिकांच्या ऑफिसने तिला एक घडीचा कागद दिला होता, फिक्त्सिओन्सबेशाइनिगुंग. नाव घेताना जीभ मुरगळावी, पण अर्थ सोपा : कार्ड संपलं तरी ही बाई अजून इथलीच आहे. स्टिकर, शिक्का, सही. पासपोर्ट आणि हा कागद, एवढ्यावरच ती या देशात उभी होती. पर्समध्ये लेकीच्या, अन्वीच्या, औषधांच्या कप्प्यात ती तो ठेवायची आणि येता-जाता चाचपून बघायची.

मंडळाच्या संक्रांतीला ती स्वयंपाकघरात तिळाच्या वड्या कापत होती, तेवढ्यात हृषिकेशने पर्स उघडली. घरी येऊन तिने चाचपलं, तर बोटांना गुळगुळीत प्लास्टिक लागलं.

"हृषी, हे काय केलंस?"

"अगं, काका म्हणाले असा नाजूक कागद फाटतो. आता बघ, पाणी पडलं तरी काही होणार नाही."

"ओरिजिनल होता तो! ओरिजिनल कोणी लॅमिनेट करतं? मी तुला दहादा सांगितलं होतं."

"काकांना तुझ्यापेक्षा जास्त कळतं ना?" आणि या वाक्यावर तो झोपायला गेला. त्याला काकांनी नोकरीला लावलं होतं, त्या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली होती, पण हृषिकेशचा कणा अजून त्यांच्याकडेच तारण होता.

ऑफिसात जाऊन कागद बदलून आणायचा, हे तिने ठरवलं होतं. पण मध्ये रविवार आला, आणि रविवारी पलीकडे फ्रान्समध्ये, स्ट्रासबुर्गला, वैभवीकडे तिच्या नीलचं बोरन्हाण होतं. वैभवी तिची शाळेपासूनची मैत्रीण. "मी नाही येत," सुकन्या म्हणाली. "बॉर्डरवर हल्ली तपासणी असते." हृषिकेशने लावलेल्या फोनवर काका हसले. "अगं, फ्रान्स म्हणजे काय पाकिस्तान आहे का? मी गाडी काढतोय. माझ्याबरोबर असताना तुला कोण विचारतंय?" अन्वीने तोवर काळा फ्रॉक घालूनही ठेवला होता.

जाताना खरंच कोणी विचारलं नाही. नील हलव्याच्या दागिन्यांत बसून रडला, बोरं मिळाली नव्हती म्हणून त्याच्या डोक्यावर चुरमुऱ्यांबरोबर द्राक्षं पडली, पोरांनी जमिनीवर लोळून ती वेचली. काका सोफ्यावर बसून तिथल्या लोकांना फ्रान्सचं काय चुकतं ते सांगत होते. त्यांना फ्रान्समध्ये येऊन पंधरा मिनिटं झाली होती.

परतताना ऱ्हाइनच्या पुलापलीकडे, जर्मनीतल्या केलच्या बाजूला पोलिसांचा तंबू होता. गाड्या एकेक करून थांबत होत्या. सुकन्याने पर्स चाचपली.

"कोणी तोंड उघडायचं नाही," काकांनी आरशातून बजावलं. "मी बोलतो."

पोलीस म्हणजे एक तरुण बाई होती, केसांची घट्ट वेणी, डोळे थंड. काकांनी आपला लाल पासपोर्ट असा पुढे केला की जणू सत्यनारायणाचं ताट. तिने तो बघितला न बघितला. हृषिकेशचं कार्ड, अन्वीचं कार्ड, ठीक. मग सुकन्याचा पासपोर्ट आणि तो चकचकीत कागद. बाईने प्लास्टिकवर नखाने टकटक केलं. वाकवून बघितलं. शिक्क्यावर बोट फिरवायला गेली, तर बोट घसरलं.

"गाडी बाजूला घ्या. सगळे उतरा."

बाहेर बोचरा वारा होता. काळ्या साडीवर जॅकेट घातलेली सुकन्या अन्वीला कडेवर घेऊन उभी राहिली. मागे फ्रान्स, तिथे राहायला तिच्याकडे काही नाही. पुढे जर्मनी, तिथलं जे होतं ते प्लास्टिकमध्ये गुदमरलेलं. इथून परत पाठवलं तर कुठे? आणि अर्जाचं काय होईल? बनावट कागद, असा शेरा एकदा पडला की पुढे आयुष्यभर तो वाचला जाईल.

"या बाई तुमच्या कोण?" पोलीस बाईने काकांना विचारलं.

काका जॅकेटची चेन वर ओढू लागले. इतकी वर्षं मंडळात माइक हातात धरून बोलणारा माणूस, आता पुटपुटला. "ओळखीचे आहेत. मी फक्त लिफ्ट दिली."

"हे कोणी लॅमिनेट केलं?"

हृषिकेशने काकांकडे बघितलं. काकांना एकाएकी ऱ्हाइन नदी फार आवडायला लागली. ते तिकडे तोंड करून उभे राहिले. मग हृषिकेश इंग्रजीत म्हणाला, "माय वाइफ. शी डिडन्ट नो."

सुकन्याने त्याच्याकडे नीट बघितलं. गोरा, उंच, बरा दिसणारा माणूस. लग्नात मावश्या म्हणाल्या होत्या, पोरगं अगदी मऊ स्वभावाचं आहे हो. मऊ! मऊ तर उकडलेला बटाटाही असतो.

"नाइन," ती म्हणाली. साफ नाही. आणि मग परीक्षेसाठी रात्री अन्वी झोपल्यावर घोकलेलं जर्मन, मोडकंतोडकं का होईना, पण स्वतःचं, तिने काढलं. "मी नाही केलं. मी नको म्हणाले होते. या गृहस्थांनी केलं, त्यांच्या मशीनवर. माझ्या नवऱ्याने माझ्या पर्समधून काढून त्यांना दिलं. कागद खरा आहे. तुमच्या रजिस्टरमध्ये माझं नाव असेल, कृपया तिथे बघा."

पोलीस बाईचे डोळे पहिल्यांदा जरा हलले. "गेनाऊ, बरोबर," ती म्हणाली. "बघते." आणि कागद घेऊन तंबूत गेली.

"अगं नंतर काय ते बोलता आलं असतं!" काका फिस्कारले. "मोठ्या माणसाकडे पोलिसांसमोर बोट दाखवतेस? हेच संस्कार?"

"तुम्ही तर फक्त लिफ्ट दिलीत ना, काका? मग ओळखीच्या बाईचे संस्कार कशाला काढता?"

"सुकन्या!" हृषिकेश दबक्या आवाजात. "प्लीज. शांत राहा."

"इश मुस पिपी," अन्वीने शू आल्याचं किंडरगार्टनच्या जर्मनमध्ये सांगितलं.

"थांब राजा, थोडं थांब."

"नाइन! येत्झ्ट! आत्ताच!"

तंबूमागे कुठल्याशा फिरत्या शौचालयात तिने मुलीला नेऊन आणलं. नेताना साडीच्या निऱ्या एका हातात, मुलगी दुसऱ्या हातात, आणि डोकं सगळं त्या तंबूत. परत आली तेव्हा पोलीस बाई बाहेर उभी होती.

"तुमची नोंद सापडली," ती सुकन्याला म्हणाली, फक्त सुकन्याला. "अर्ज चालू आहे, तुम्ही आत जाऊ शकता. पण हा कागद असा चालणार नाही. उद्याच तुमच्या ऑफिसात जा, कसं झालं ते खरं सांगा, नवीन मागा." मग ती काकांकडे वळली. "आणि तुम्ही. आणखी कोणाच्या कागदांचं हे केलंय?"

"नाही, नाही," काका म्हणाले. "एकदाच. चुकून."

अर्ध्या मंडळाचे जन्मदाखले आणि लग्नं त्या एका 'चुकून'मध्ये गडप झाली.

गाडी निघाली आणि पहिल्या वळणावरच काकांना वाचा फुटली. "बघितलंत? माझा पासपोर्ट आधी दाखवला म्हणून निभावलं. नाहीतर हे लोक इंडियन्सना तासन्‌तास बसवून ठेवतात."

"हो ना काका. थँक यू," हृषिकेश म्हणाला.

सुकन्याला वाटलं आपण चुकून हसणार. हसली नाही. अन्वीचे हात गार पडले होते, ते चोळत बसली.

मग हृषिकेश पुढच्या सीटवरून मागे वळला. आवाज अगदी लाडाचा. "सुकू, उद्या ऑफिसात काकांचं नाव नको घेऊस हं. तूच केलंस म्हण. तुला माहीत नव्हतं म्हण. बाईमाणूस म्हणून सोडून देतील. काकांची इथे पोझिशन आहे."

"आणि माझी?"

"तुझं काय, तुझं होऊनच जाईल."

"खोटं सांगून?"

"खोटं काय त्यात," काका आरशातून म्हणाले. "घरातली गोष्ट घरात ठेवायची असते. आल्झो, म्हणजे, एवढं तर तुला शिकवायला नको."

"काका, डावीकडे केलचं स्टेशन आहे. तिथे थांबवा."

"का?"

"मला उतरायचंय."

"वेडी आहेस का? दोन-तीन गाड्या बदलाव्या लागतील, मुलीला घेऊन..." हृषिकेश म्हणाला.

"माझ्या कागदावर यापुढे सही होईल ती खऱ्यावर. आणि ती कोणाची पोझिशन सांभाळायला होणार नाही. थांबवा, काका."

काकांनी थांबवली. थांबवली कारण मागून गाडी हॉर्न वाजवत होती, आणि जर्मन माणसाचा हॉर्न त्यांना सहन होत नसे. सुकन्याने अन्वीला उतरवलं, पर्स घेतली, अन्वीची टोपी घेतली. उघड्या दारातून तिने हृषिकेशकडे बघितलं. त्याने सीट बेल्टला हात लावला. हात तिथेच राहिला.

"येतोस?"

"अगं... काकांना एवढं लांब एकट्याने गाडी चालवायला लावणं बरं दिसत नाही."

"बरोबर," ती म्हणाली. "बस."

दार तिने आपटलं नाही. आपटण्याइतकंही त्या गाडीत काही शिल्लक नव्हतं.

प्लॅटफॉर्मवर अन्वीने रस्त्याकडे बोट दाखवलं. "कोम्ट पापा निश्ट?"

"नाही, बाबा नाही येत," सुकन्या म्हणाली. ट्रेन येत होती, तिने मुलीचा हात घट्ट धरला. "उद्या आपल्याला ऑफिसात लवकर जायचंय. तू आणि मी."

अन्वीने विचार केला. "ओके," ती म्हणाली, आणि चढताना पहिली पायरी तिने स्वतःच चढली.