फोटोवरची सही

भांड्यांच्या जाळीतला चमचा घसरून ओट्यावर खणकन पडला. तिने तो उचलून परत ठेवला.

"वहिनी, तुम्ही तरी समजवा याला," फुटबॉल क्लबचा मॅनेजर तिला म्हणाला. कप बाजूला सारून त्याने टेबलावर पोस्टर उलगडलं आणि कोपऱ्यांवर हाताला लागेल ते ठेवलं. साखरेचा डबा, मोबाइल, मुलीचे खडू, आणि शेवटी स्वतःचं कोपर.

पोस्टरवर तिचा नवरा दोन्ही हात पसरून धावत होता. चार वर्षांपूर्वीचा, अंतिम सामन्यातल्या शेवटच्या मिनिटाच्या त्या गोलनंतरचा. खाली ठसठशीत अक्षरं: 'आणखी तीन वर्षं, तुमच्यासोबत!' त्याखाली सहीपुरती कोरी जागा.

खरा नवरा समोर खुर्चीत अंग चोरून बसला होता. गेल्या दोन हंगामांत तो सगळी मिळून चाळीस मिनिटं खेळला होता. पण राखीव बाकावरून नुसता बुटाची नाडी बांधायला वाकला, तरी अख्खं स्टेडियम उभं राहून त्याच्या नावाने ओरडायचं. सगळ्यांत जास्त खपायची तीही त्याचीच जर्सी.

"तिकडे मला प्रत्येक सामन्यात उतरवतील," तो म्हणाला. "दुसऱ्या गावचा छोटा क्लब आहे, असू दे. नव्वद मिनिटं पळायला तरी मिळेल."

"आणि बघायला कोण येणार? चार म्हातारे नि एक कुत्रं? इथे तू लाडका आहेस रे!"

"कपाटातली ट्रॉफीपण लाडकीच असते."

मॅनेजर मनापासून हसला. मग त्याने घड्याळ पाहिलं.

"करार उद्या ऑफिसात करू. पण हे तासाभरात छापायला गेलं पाहिजे. एकदा लोकांना सांगितलं की मग मागे फिरता येणार नाही, एवढं खरं. वहिनी, करून टाका."

बाहेर कुणाला ठाऊक नव्हतं, पण फोटोंवरची ती लांब शेपटीची सही तिची होती. त्याचं मनगट प्लास्टरमध्ये असताना तिने तात्पुरती सुरू केली आणि तीच लोकांच्या ओळखीची होऊन बसली. पुढे एकदा त्याने स्वतः कुणाच्या टोपीवर सही केली, तर तो माणूस तसाच परत आला. ही काही तुमची वाटत नाही, म्हणाला.

तिने मार्करचं टोपण काढलं.

"तू सांग," नवरा हळूच म्हणाला. "तू नको म्हणालीस तर नको."

सहा वर्षांतलं हे चौथं घर. इथे पहिल्यांदाच तिने भिंतीत खिळे ठोकले होते, सामानाची रिकामी खोकी रद्दीत देऊन टाकली होती. मुलगी परवा पहिल्यांदा न रडता शाळेत गेली होती. आत्ता त्याच्याकडे पाहिलं तर सहीसाठी हात उचलणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिने पाहिलंच नाही. हात सवयीने फिरला, शेपटीसकट.

"एकदम अस्सल!" मॅनेजरने पोस्टर गुंडाळलं. जिना उतरेपर्यंत त्याचा फोनवरचा आवाज ऐकू येत होता.

नवरा उठला. "बरं केलंस," म्हणत त्याने तिच्या खांद्यावर थोपटलं आणि आत जाऊन, चार दिवसांपासून भरून ठेवलेली बॅग तो रिकामी करू लागला.

दुपारची झोप संपवून मुलगी बाहेर आली. दारातून ती बराच वेळ बाबाकडे बघत राहिली. मग आईच्या मांडीत शिरून तिच्या कानाशी म्हणाली,

"आई, आमच्या वर्गात कुणाला खेळायला घेतलं नाही ना, की आम्ही बाईंना सांगतो. बाबा कुणाला सांगतो गं?"